रेघ कुठे मारली? : डेन्सिटी मॅट्रिक्स शिकवणाऱ्या पुस्तकांविषयी



विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हयातभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने पुंजयामिकीतल्या एका गणिती साधनाबद्दल, आणि तेही ते साधन शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल, का बोलावं? आमचं उत्तर सरळ आहे. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य गणितात कसं लिहायचं, हा प्रश्न जितका भौतिकीचा तितकाच ज्ञानमीमांसेचा आहे. डेन्सिटी मॅट्रिक्स शिकवणारी बहुतेक पुस्तकं नेमकी याच वाक्यापासून सुरुवात करतात. ही सुरुवात चुकीच्या दारातून होते, असं आमचं म्हणणं आहे. समोर एम.एस्सी.ची मुलंमुली दिसतात, भौतिकीची आहेत, रसायनाचीही आहेत. उद्या त्यांना एनएमआरच्या किंवा लेझरच्या यंत्रासमोर बसायचं आहे. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू, म्हणजे मागच्या रांगेतल्या बाकीच्यांनाही बरोबर घेता येईल. एका प्रोटॉनच्या स्पिनचं उदाहरण घ्या. चुंबकीय क्षेत्रात त्याचं मोजमाप केलं तर दोनच उत्तरं येतात, वर किंवा खाली. त्याची डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणजे दोन ओळी, दोन रकाने, एकूण चार घरं. कर्णावर दोन घरं येतात: एकात वर सापडण्याची शक्यता, दुसऱ्यात खाली सापडण्याची. बेरीज एक. कर्णाबाहेरच्या दोन घरांत जे असतं त्याला कोहिअरन्स म्हणतात. 'वर' आणि 'खाली' या दोन अवस्थांचा एकमेकींशी मेळ किती आहे आणि कोणत्या फेजमध्ये आहे, ते ही घरं सांगतात. रसायनाच्या मुलांनी एक गोष्ट इथेच गाठीला बांधून ठेवावी: एनएमआरच्या यंत्रात जो सिग्नल ऐकू येतो तो या कर्णाबाहेरच्या घरांतून येतो. कर्णावरची घरं मुकी असतात. पल्स देऊन त्यांना बोलतं करावं लागतं.

नावाबद्दल थोडं. यात घनता कसलीच नाही. फॉन नॉयमन यांनी जर्मनमध्ये जे नाव वापरलं त्याचं मराठी 'सांख्यिकीय कारक' असं होईल, आणि ते कितीतरी बरं होतं. पण नावं रूढ झाली की झाली. आम्हीही आज डेन्सिटी मॅट्रिक्सच म्हणणार आहोत.

आता दारांकडे येऊ. १९२७ साली दोन तरुण या वस्तूपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचले. एक होते योहान फॉन नॉयमन, वय २३. दुसरे लेव लांडाऊ, वय १९. फॉन नॉयमन यांना पुंजयामिकीतली शक्यता नीट पायावर उभी करायची होती. त्यांनी विचार केला तो समूहाचा: अनेक प्रणाली आहेत, काही या अवस्थेत, काही त्या अवस्थेत, मग सरासरी कशी काढायची? त्यातून कारक आला, आणि १९३२च्या त्यांच्या ग्रंथात तो पक्का झाला. लांडाऊ यांचा प्रश्न निराळा होता. अणू प्रकाश सोडतो आणि थंडावतो, याचं गणित कसं मांडायचं? अणू आणि प्रकाशाचं क्षेत्र मिळून एक तरंगफलन आहे. पण तुम्हाला फक्त अणूबद्दल बोलायचं असेल, तर एकट्या अणूला स्वतःचं तरंगफलन उरतच नाही. उरते ती ही मॅट्रिक्स.

म्हणजे दोन दारं झाली. पहिल्यावर लिहिलंय, 'आम्हाला पूर्ण माहिती नाही.' दुसऱ्यावर लिहिलंय, 'आम्ही फक्त एका तुकड्याबद्दल बोलतो आहोत.' आत गेल्यावर गणित तेच लागतं, म्हणून पुस्तकं लिहिणारे म्हणतात, दार कुठलंही असो, काय फरक पडतो? आमच्या मते पडतो, आणि तो यंत्रासमोर बसल्यावर कळतो.

पहिल्या दाराचं नेहमीचं उदाहरण म्हणजे भट्टी. चांदीचे अणू भट्टीतून बाहेर पडतात, त्यांचे स्पिन कसेही असतात. साकुराई यांच्या पाठ्यपुस्तकात याच भट्टीपासून विषय सुरू होतो. अर्धे वर, अर्धे खाली असं मिश्रण घ्या. मॅट्रिक्स लिहा: कर्णावर अर्धा, अर्धा, बाहेर शून्य, शून्य. छान. आता अर्धे उजवीकडे, अर्धे डावीकडे असं मिश्रण घ्या आणि पुन्हा लिहा. तीच मॅट्रिक्स येते. अर्धा, अर्धा, शून्य, शून्य. या अणूंवर कोणताही प्रयोग करा, कितीही वेळा करा, ही दोन मिश्रणं वेगळी ओळखता येत नाहीत.

मग अज्ञान कशाचं? अज्ञान या शब्दाला एक व्याकरण असतं. तळहाताखाली नाणं झाकलं आहे. ते छापा आहे की काटा, मला ठाऊक नाही. यात तळहाताखाली एक ठाम गोष्ट आहे हे गृहीत धरलेलं असतं. इथे मात्र खाली छापा-काटा झाकला आहे की डावं-उजवं, हेही ठरत नाही. न ठरलेल्या गोष्टीबद्दल 'मला ती ठाऊक नाही' असं कसं म्हणणार? चांगली पुस्तकं ही समानता सांगतात, नाही असं नाही. पण एका वाक्यात सांगून पुढच्या गणिताला लागतात. विद्यार्थ्याच्या मनात राहते ती भट्टी.

दुसऱ्या दाराचं उदाहरण याहून लहान आणि याहून कठोर आहे. दोन स्पिन घ्या, एकमेकांत पुरते गुंतलेले, ज्याला सिंग्लेट म्हणतात ती अवस्था. या जोडीची अवस्था शुद्ध आहे. जाणून घेण्यासारखं त्यात काहीही शिल्लक नाही. आता त्यातल्या एकाच स्पिनबद्दल बोला. त्याची मॅट्रिक्स येते अर्धा, अर्धा, शून्य, शून्य. सगळं ठाऊक असूनही तुकडा मिश्रच दिसतो! फ्रेंच भौतिकीतज्ज्ञ बर्नार देस्पान्या यांनी या दोन प्रकारांना वेगळी नावं दिली: खरोखर मिसळून बनवलेलं ते योग्य मिश्रण, आणि तुकडा पाडल्यामुळे दिसणारं ते अयोग्य मिश्रण. घरातले आकडे दोन्हींचे सारखेच असतात.

म्हणून आमची कसोटी अशी. डेन्सिटी मॅट्रिक्स लिहिली की कुठेतरी एक रेघ मारलेली असते. रेघेच्या आत आपली प्रणाली, बाहेर बाकीचं सगळं. चांगलं पुस्तक ही रेघ विद्यार्थ्याला दाखवतं. वाईट पुस्तक रेघ लपवून तिला 'अज्ञान' असं नाव देतं. आता या कसोटीवर काही पुस्तकं लावून पाहू. सगळी नाही, आम्हाला ज्यांच्याबद्दल काही म्हणायचं आहे तेवढीच.

ग्रिफिथ्स यांचं पुस्तक जगभर बी.एस्सी.च्या मुलांच्या हातात असतं, आणि त्याची बोलकी शैली आम्हालाही आवडते. त्यात डेन्सिटी मॅट्रिक्सला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि तीही उपसंहाराच्या प्रकरणात, बेलच्या प्रमेयाच्या शेजारी. म्हणजे प्रयोगशाळेत रोज लागणारी वस्तू तत्त्वज्ञानाच्या खोलीत नेऊन ठेवली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात सन्मान वाटायला हवा. पण ज्या मुलाला पुढच्या वर्षी वर्णपट वाचायचे आहेत त्याला वाटतं, हे काही परीक्षेचं नव्हे. कोएन-तानुजी, दिऊ आणि लालोए यांच्या ग्रंथातही हा विषय तिसऱ्या प्रकरणाच्या एका पुरवणीत आहे. पण ती पुरवणी इतकी काळजीपूर्वक लिहिली आहे, तुकड्याची मॅट्रिक्सही त्यात इतकी नीट मांडली आहे, की जागेबद्दल तक्रार करवत नाही.

दुसऱ्या दारातून थेट आत नेणारी पुस्तकं म्हणजे लांडाऊ-लिफ्शित्झ मालेचा तिसरा खंड, कलम १४, आणि फाइनमन यांची १९७२ साली छापली गेलेली सांख्यिकी यामिकीवरची व्याख्यानं. लांडाऊ-लिफ्शित्झमध्ये स्पष्टीकरण इतकं आखडतं आहे की ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं. फाइनमन जगाचे दोन भाग करून सुरुवात करतात, एक आपल्या अभ्यासाचा आणि दुसरा उरलेलं विश्व. हीच ती रेघ. पहिल्याच पानांवर, उघड. नंतर ते झपाट्याने तापमान आणि मार्गसंकलाकडे वळतात आणि वर्णपटवाल्याच्या हाती फारसं काही लागत नाही, हे मात्र खरं.

वर्णपटवाल्यांसाठी खास लिहिलेलं पुस्तक म्हणजे कार्ल ब्लुम यांचं. म्युन्स्टरच्या या प्राध्यापकांचं पुस्तक १९८१ साली आलं आणि अजूनही नव्या आवृत्त्यांत जिवंत आहे. ध्रुवीभूत किरणशलाका, इलेक्ट्रॉनच्या आघाताने उत्तेजित झालेले अणू, त्यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाची दिशा आणि ध्रुवण, क्वांटम ठोके, शिथिलीकरण, हे सगळं इतक्या सलगपणे दुसरीकडे सापडत नाही. सुरुवात मात्र पहिल्याच दारातून: माहिती पूर्ण असेल तर शुद्ध, अपुरी असेल तर मिश्र. तिसऱ्या प्रकरणात ब्लुम स्वतःच दुसरं दार उघडतात. दोन प्रणाली एकमेकींना भिडल्या की नंतर त्या वेगळ्या करता येत नाहीत, आणि त्यातली एक आपण पाहिली नाही तर दुसरीची मॅट्रिक्स कशी काढायची, ते तिथे फार सुंदर मांडलं आहे. आमचा सल्ला असा, की ब्लुम वाचणाऱ्याने पहिलं प्रकरण चाळावं, तिसरं बसून वाचावं आणि मग दुसऱ्याकडे परतावं. लेखकाला हे रुचेल की नाही कोण जाणे.

आणि या सगळ्यांच्या वर आम्ही एक लेख ठेवतो. उगो फानो, १९५७, रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स. जेमतेम वीस पानं. फानो तिसरंच दार उघडतात. तुम्हाला काय ठाऊक नाही हे ते विचारत नाहीत. ही मॅट्रिक्स भरायला किती मोजमापं लागतील, असं ते विचारतात. स्पिनसाठी तीन: तिन्ही दिशांचं सरासरी ध्रुवण मोजा, चारही घरं भरली. अवस्था जास्त असतील तर त्यांच्या संख्येचा वर्ग करा आणि एक वजा करा, तितक्या संख्या. अवस्था म्हणजे मोजता येणाऱ्या सरासरींची यादी. यात ना भट्टी आहे, ना झाकलेलं नाणं. प्रयोग करणाऱ्याला हे लगेच पटतं, कारण तो रोज हेच करत असतो. १९५७ हे वर्षच या विषयाला भरभरून गेलं. त्याच वर्षी रेडफील्ड यांनी शिथिलीकरणाचा सिद्धांत मांडला आणि फाइनमन, व्हर्नन, हेलवार्थ यांनी दोन पातळ्यांच्या मॅट्रिक्सचं चित्र एका फिरत्या बाणाने काढून दाखवलं.

बाणावरून एनएमआरकडे येऊ. या शास्त्राशी मुंबईचं जुनं नातं आहे. एथिल अल्कोहोलचा वर्णपट एकाच्या जागी तीन शिखरं दाखवतो, हे १९५१ साली स्टॅनफर्डमधून प्रसिद्ध झालं. त्या लेखाचे तीन लेखक होते आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड. यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये एनएमआरचं काम उभं करणारे. रेणूतल्या हायड्रोजनचा शेजार वाचण्याची जी विद्या आज औषधांच्या प्रत्येक कारखान्यात लागते, तिचा पाया तिथे घातला गेला.

एनएमआरच्या प्राथमिक पुस्तकांत हमखास एक चित्र असतं. दोन शंकू, एक वर, एक खाली. वरच्यात थोडे जास्त बाण, खालच्यात थोडे कमी. म्हणजे प्रत्येक प्रोटॉन एक तर वर आहे किंवा खाली. मायकेल लेव्हिट यांच्या 'स्पिन डायनॅमिक्स' या पुस्तकाचं मोठेपण असं, की त्यांनी हे चित्र बाजूला सारलं. स्पिन सगळ्या दिशांना तोंड करून असतात, फक्त क्षेत्राच्या दिशेकडे किंचित कल असतो. किती किंचित? ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात, खोलीच्या तापमानाला, दहा लाख प्रोटॉनांमागे सुमारे ३२चा फरक. दोन शंकू काय आणि लेव्हिटांचा किंचित कललेला गोळा काय, दोन्हींची मॅट्रिक्स एकच आहे. मग लेव्हिट यांनी एवढा आटापिटा का केला? कारण शंकूंचं चित्र घेऊन बसलेल्या मुलाला पल्स दिल्यावर आडवं चुंबकत्व कुठून आलं ते समजेना. एकाच मॅट्रिक्सची अनेक चित्रं काढता येतात. त्यातलं एकच खरं मानलं की पाय अडकतो.

आता आमच्या मते या विषयातली खरी परीक्षा पाहणारी गोष्ट. १९५० साली अर्विन हान यांनी स्पिनचा प्रतिध्वनी दाखवला. द्रवाचा नमुना चुंबकात ठेवा. रेडिओलहरींचा एक पल्स द्या. स्पिन आडवे होतात, एका तालात फिरू लागतात, सिग्नल येतो. पण चुंबकाचं क्षेत्र नमुन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखं नसतं, कुठे केसभर जास्त, कुठे केसभर कमी. त्यामुळे काही स्पिन पुढे पळतात, काही मागे पडतात, ताल सुटतो आणि सिग्नल मरतो. या क्षणी सगळ्या नमुन्याची सरासरी मॅट्रिक्स लिहा. कर्णाबाहेरची घरं रिकामी. थोडं थांबा आणि दुसरा पल्स द्या. दोन पल्सांमध्ये जितका वेळ गेला तितकाच वेळ आणखी जाऊ द्या, आणि मेलेला सिग्नल पुन्हा उठून उभा राहतो.

पुस्तकांत शर्यतीची उपमा असते. पोरं पळत सुटली, पांगली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी मागे फिरायचं. जो वेगाने पुढे गेला होता त्याला परतीचं अंतर जास्त, पण त्याचा वेगही जास्त. सगळे एकदम आरंभरेषेवर. उपमा चांगली आहे. पण पहिल्या दारातून आलेल्या विद्यार्थ्याला आम्ही विचारतो: घरं रिकामी झाली होती म्हणजे आपल्याला फेज ठाऊक नव्हती, असंच ना तुझं पुस्तक म्हणतं? मग दुसऱ्या पल्सने काय केलं? पल्स द्रवाला दिला होता, आपल्याला नव्हे. रेडिओलहरींनी माणसाचं अज्ञान दूर होतं, असा सिद्धांत अजून तरी कुणी मांडलेला नाही. (हशा)

आता हाच प्रसंग रेघेच्या भाषेत सांगू. सरासरी काढताना आपण स्पिन ठेवला आणि त्याची नमुन्यातली जागा गाळली. रेघ स्पिन आणि जागा यांच्या मधून गेली. फेज हरवली नव्हती. कोणत्या स्पिनची फेज किती, हे त्याच्या जागेशी बांधलेलं होतं, आणि जागा रेघेबाहेर होती. दुसऱ्या पल्सनंतर तेच क्षेत्र, त्याच जागी, उलट दिशेने काम करून गेलं. आता दुसरा एक नमुना कल्पा, ज्यात रेणूंच्या स्वैर धडपडीने फेज विस्कटली आहे. त्याचीही मॅट्रिक्स तीच, घरं तशीच रिकामी. दुसरा पल्स द्या, काही परत येत नाही. मॅट्रिक्स एक, भविष्यं दोन. म्हणून 'प्रणालीबद्दल जे काही सांगता येईल ते सगळं डेन्सिटी मॅट्रिक्समध्ये असतं' हे पाठ्यपुस्तकांतलं लाडकं वाक्य अटीसह वाचावं लागतं: रेघेच्या आतलं सगळं.

स्लिक्टर यांचं १९६३ सालचं चुंबकीय अनुस्पंदनावरचं पुस्तक प्रयोगाकडून शिकवण्यात आजही फार वरचं आहे. पण त्यांच्याकडेही मॅट्रिक्स येते ती पाचव्या प्रकरणात, गुणांकांच्या गुणाकारांवर सरासरीची आडवी रेघ मारून. ती सरासरी कशावर घेतली, जागेवर, काळावर की रेणूंच्या हालचालीवर, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधायचं. हुशार शोधतो. बाकीचे पाठ करतात.

यात नुसत्या शिकवण्याचाच प्रश्न आहे असं समजू नका. १९९७ पासून एनएमआरवर क्वांटम संगणक बांधण्याचे प्रयत्न सुरू झाले. युक्ती अशी, की खोलीच्या तापमानाची मॅट्रिक्स म्हणजे बहुतांश निरुपयोगी सपाट भाग, अधिक एका शुद्ध अवस्थेचा अगदी बारीक अंश. सपाट भागाचा सिग्नल येतच नाही, म्हणून शुद्ध अंशच आपल्यापाशी आहे असं समजून चालायचं. त्या अंशात स्पिन एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून यंत्रात गुंतागुंत आहे, असं म्हटलं गेलं. १९९९ साली ब्राउनस्टाइन आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी गणित करून दाखवलं, की तोवरच्या या प्रयोगांतली प्रत्येक मॅट्रिक्स मुळीच न गुंतलेल्या अवस्थांच्या मिश्रणानेही जशीच्या तशी बनवता येते. मग संगणन खोटं का? तसंही नाही, २००१ साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत सात स्पिनांच्या रेणूने १५चे अवयव पाडले, ३ आणि ५. पण 'यंत्रात काय आहे' या प्रश्नाचं उत्तर मॅट्रिक्सच्या एका सोयीच्या फोडणीवरून देता येत नाही, हे तेव्हा जाणत्यांना भर सभेत शिकावं लागलं. भट्टीच्या उदाहरणात ते पहिल्या दिवशी शिकता आलं असतं.

लेझरच्या वर्णपटशास्त्रात गीता म्हणजे मुकामेल यांचं १९९५चं पुस्तक. पाचशेहून जास्त पानं. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट फार मोलाची आहे: मॅट्रिक्सला दोन बाजू असतात, आणि लेझरचा प्रत्येक स्पंद डावीकडून किंवा उजवीकडून काम करतो. त्याच्या दोन उभ्या रेघांच्या आकृत्या काढता आल्या की कुठला सिग्नल कुठल्या दिशेने बाहेर पडेल ते हाताने काढता येतं. पण पुस्तक इतकं दाट आहे, की पीटर हाम यांनी २००५ साली आपल्या टिपणांना उपनावच दिलं 'मुकामेल फॉर डमीज'. ही टिपणं आणि तोकमाकोफ यांची खुली व्याख्यान-टिपणं यांवर आज कितीतरी मुलं शिकतात, आणि आम्हीही हीच आधी वाचायला सांगू. हाम यांची भाषा मैत्रीची आहे, पायऱ्या गाळलेल्या नाहीत. दार मात्र पहिलंच: आधी शुद्ध अवस्था, मग सांख्यिकीय सरासरी. आणि मुकामेल परंपरेत 'बाथ', म्हणजे बाकीचं सगळं, इतक्या लवकर आणि इतक्या सफाईने येतं की रेघ कधी मारली गेली ते कळतच नाही.

याचं मोल काय, ते २००७ नंतर दिसलं. बर्कलीच्या गटाने हरित गंधक जीवाणूंमधल्या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनावर द्विमितीय वर्णपटाचा प्रयोग केला, ७७ केल्व्हिन तापमानाला. सिग्नलमध्ये ठोके दिसले आणि ते ६६० फेम्टोसेकंद टिकले. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. रेणूंच्या जगात ६६० हा बराच काळ. ठोके म्हणजे कर्णाबाहेरची घरं भरलेली. कुठली घरं? इलेक्ट्रॉनिक अवस्थांमधली, असं वाचलं गेलं, आणि जीवाणू ऊर्जा लाटेसारखी वाहून नेतात ही कल्पना जगभर पसरली. पण रेणू कंपनंही पावतात, आणि कंपनांचेही असेच ठोके पडतात. तुमच्या मॅट्रिक्सच्या ओळींत फक्त इलेक्ट्रॉन असतील आणि कंपनं रेघेबाहेर बाथमध्ये ढकललेली असतील, तर कुठलाही ठोका इलेक्ट्रॉनांच्याच खात्यावर मांडला जाणार. कंपनांचं खातंच उघडलेलं नाही! काहींना ही शंका लवकर आली होती. २०१७ साली खोलीच्या तापमानाला केलेल्या मोजमापात इलेक्ट्रॉनिक कोहिअरन्स ६० फेम्टोसेकंदांच्या आत मावळतो असं दिसलं, आणि २०२०च्या एका मोठ्या संयुक्त समीक्षेने दीर्घ ठोके प्रामुख्याने कंपनांचे असल्याचा निर्वाळा दिला. दहा-बारा वर्षं, कितीतरी प्रबंध, कितीतरी अनुदानं. सगळा दोष पाठ्यपुस्तकांचा नाही. प्रयोग खरोखर अवघड होता. पण रेघ विचारायची सवय लागलेली असती, तर हा प्रश्न पहिल्याच चर्चासत्रात पुढच्या बाकावरून आला असता.

जाता जाता एक तक्रार. रेघेबाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणाऱ्या मॅट्रिक्सचं समीकरण कोणत्या आकाराचं असलं तर शक्यता ऋण होत नाहीत, हे १९७६ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध झालं. एकीकडे लिंडब्लाड, दुसरीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन. सुदर्शन म्हणजे केरळचे जॉर्ज सुदर्शन, ज्यांनी तरुणपणी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्येच काम केलं आणि मॅथ्यूज व राव यांच्यासह या प्रश्नावर १९६१ सालीच लेख लिहिला होता. पुस्तकांत मात्र सर्रास 'लिंडब्लाड समीकरण'. आणि रेडफील्डचं समीकरण कधीकधी ऋण शक्यता देतं, ही सूचना वर्णपटाच्या कितीतरी पुस्तकांत एका तळटीपेइतकीही मिळत नाही.

आता समोर बसलेल्यांसाठी एक गृहपाठ. परीक्षेत तुम्हाला विचारतात: ही मॅट्रिक्स शुद्ध की मिश्र? तुम्ही तिचा वर्ग करता आणि उत्तर लिहिता, पाच गुण. आज घरी जाऊन दुसरं करा. कागदावर अर्धा, अर्धा, शून्य, शून्य लिहा. तिच्याखाली तीन वेगळ्या कथा लिहा: भट्टीतून आलेल्या अणूंची, सिंग्लेटमधून सुटलेल्या एका स्पिनची, आणि हान यांच्या नमुन्याची, पहिल्या पल्सनंतर सिग्नल मावळल्याच्या क्षणाची. प्रत्येक कथेत रेघेबाहेर काय राहिलं ते एका ओळीत लिहा, आणि दुसरा पल्स दिला तर काय होईल तेही. तिसऱ्या कथेपाशी लेखणी अडेल. तिथे ब्लुमचं तिसरं प्रकरण उघडा.

प्रश्न असतील तर घेऊ. तो माइक जरा मागे, खिडकीजवळच्या ताईंकडे द्या.